घाटमळ्याच्या खिडकीवरचं तिकीट

घाटमळा
बुधवार, ८ जानेवारी २०२५

आत्याआजींना पिंकीचा जयभीम.

मी तुमच्या भावाच्या नातवाची, प्रितमची बायको. लग्नात तुमच्या पाया पडले होते, पण बोलणं झालं नाही. फोन केला तर तुमची लेक म्हणाली, आईला आता अजिबात ऐकू येत नाही, कागदावर लिहून पाठव. मोतीबिंदू काढल्यापासून ती पेपरातल्या जाहिरातीपण सोडत नाही. म्हणून लिहिते. मी सातवीपर्यंत शिकले, चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही घाटमळ्यातच जन्मलात म्हणून तुम्हाला विचारते. आपल्या स्टेशनच्या तिकीट खिडकीला काय आहे?

आमच्या मिनलचं उजवं पाऊल जन्मतः आत वळलेलं आहे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दर मंगळवारी जुनं प्लास्टर काढतात, पाऊल थोडं सरळ करतात, नवीन घालतात. डॉक्टर म्हणाले, एक आठवडा जरी चुकला तर पाऊल पुन्हा फिरेल. आजवर सासूबाई सोबत यायच्या. आम्ही पुलावरून चालत चिंचवडला जायचो आणि तिथून तिकीट काढून गाडीत बसायचो. मी एकदा विचारलं, मम्मी, आपलं स्टेशन दारात असताना एवढं का चालायचं? तर म्हणाल्या, त्या खिडकीवरचं तिकीट घेऊन गेलेलं माणूस परत येत नाही. आपल्या वस्तीतलं कुणी तिथं जात नाही. आणि खरंच जात नाही. कामाला जाणारे सगळे चिंचवडचा पास काढतात. चिंचवडचा पास असला की मधलं आपलं स्टेशन त्यात येतंच. मग रोज इथून चढतात आणि इथंच उतरतात, पण खिडकीकडं बघत नाहीत.

काल सासूबाईंचा गुडघा धरला. प्रितमची चाकणला पहिली शिफ्ट होती. मी एकटीच. पुलावर फुटपाथ नाही, ट्रक अंगाला घासून जातात, कडेवर पोर. पुलाच्या तोंडाशी गेले आणि माघारी वळले. मला नाही जमलं. गाडीची वेळ झाली म्हणून आपल्याच खिडकीवर तिकीट काढलं.

संध्याकाळी घरी आलो तर मिनलच्या पायाची बोटं निळी. रिक्षा करून परत दवाखाना. त्यांनी प्लास्टर कापलं, म्हणाले सूज आली होती, होतं असं. पण माझ्या डोक्यातून जात नाही. सासूबाईंनी नुसतं खिडकीच्या दिशेला बघितलं.

यावर काही उतारा असेल तर कळवा. सासूबाईंना सांगू नका. त्या म्हणतात, आपण बौद्ध, उतारा-बितारा मानत नाही. पण खिडकी मानतात.

तुमची
पिंकी


संगमनेर
१६ जानेवारी

पिंके,

जयभीम. तुझं पत्र पोचलं. पोरीच्या पायाचं डाक्टर सांगल तसं कर, त्यात खाडा करू नको. उतारा न्हाई आन काई न्हाई. बोटं प्लास्टरनं निळी झाली, खिडकीनं न्हाई.

मला येकच सांग. त्यानं तिकीट दगडावर टाकलं ना? आन तू वाकून उचललंस? कडेवर पोर आसताना?

उचललं आसंल तर तुला बोल लावनार न्हाई, तुला ठाऊक नव्हतं. पन खरं लिव. मला चैन न्हाई. माझी आय आसती तर तिनं त्या खिडकीची जाळी उपटली आसती. आजून बी त्योच खेळ चालू ठेवलाय का मेल्यांनी?

तिकीट कसं दिलं ते लिव. बाकी काई लिवलं न्हाई तरी चालंल.

कस्तुरा


घाटमळा
गुरुवार, ३० जानेवारी

आत्याआजींना जयभीम.

तुमचं पत्र वाचून मला काही कळलंच नाही. दगडावर कशाला टाकेल? हातात दिलं.

खिडकीवर मेला कुणी नाही, श्रद्धा म्हणून एक मुलगी बसते. रेल्वेची नोकरी नाही तिची, विकल्या तिकिटांवर तिला कमिशन मिळतं. माझे दोन्ही हात मिनलला धरायला लागले होते. तर तिनं जाळीखालून हात बाहेर काढला, तिकीट माझ्या मुठीत कोंबलं आणि माझी बोटं मिटवली, म्हणाली, घट्ट धर ताई, नदीचा वारा लई वाईट. मग मिनलच्या प्लास्टरवर टिचकी मारली. काय गं पैलवान, कुणाला लाथ मारायला निघालीस? मिनल हसली. एवढंच झालं.

तुम्ही सांगितलं उतारा नको, म्हणून पुढच्या दोन्ही मंगळवारी तिथंच तिकीट काढलं. गाडीत सारखं मिनलच्या पायाकडं बघत होते. पण बोटं निळी झाली नाहीत.

आता दुसरंच वाढून ठेवलंय. खिडकीशेजारी नोटीस लागली. एक एप्रिलपासून घाटमळ्याला गाडी थांबणार नाही. कारण काय, तर इथं तिकीटच खपत नाही. श्रद्धा म्हणाली, अगं, सकाळी दीडशे माणसं चढतात माझ्या डोळ्यांसमोर. पण साहेब माणसं नाही मोजत, तिकिटं मोजतात. अख्ख्या वस्तीत माझं गिऱ्हाईक एकटी तू.

मी घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, बंद होऊ दे, नदीकाठचं स्टेशन, ओसाडच बरं. प्रितम म्हणाले, मी बाईकवर सोडत जाईन. पण मंगळवारी सुट्टी कोण देतंय, कंत्राटी कामगार ते. आणि मला त्या पुलावरून जायचं नाही. मिनलचं प्लास्टर संपलं की टाचेला छोटा काप द्यायचाय, मग परत प्लास्टर, मग बूट. वर्षभर फेऱ्या आहेत. गाडी थांबली नाही तर एखादा मंगळवार चुकेलच. मग पाऊल फिरेल आणि पोर जन्मभर म्हणेल, माझ्या आईला पुलाची भीती वाटायची.

तुम्ही त्या दगडाचं असं का विचारलंत?

पिंकी


संगमनेर
१० फेब्रुवारी

पिंके,

उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या दिवशी मला जेवान गेलं न्हाई. लेकीनं कागदावर लिवून इचारलं, कुनी गेलं का गं? मी मान हालवली. कसं सांगावं तिला.

"हातात दिलं" आसं तू चटदिशी लिवून मोकळी झालीस. त्या दोन शब्दांची आमी किती वाट बघितली ते आता वाच.

ते ठेसन वाळूपायी झालं. पयलं तिथं गाडी थांबत नव्हती. पिंपरीकडं कारखानं उभं ऱ्हायला लागलं तशी वाळू लागायला लागली. आमचा बाप ज्ञानदेव आन वस्तीतलं गडी नदीत उतरून वाळू काढायचं, बाया टोपलीनं वर न्यायच्या, मालगाडीच्या वाघिनीत भरायच्या. मग फलाट बांधला. त्याच्या पोटात जी वाळू हाय ती माझ्या आयच्या आन तिच्या जोडीच्या बायांच्या डोक्यावरनं गेलेली हाय. पावसाळ्यात पवना पार पायरीला लागायची. मानसं म्हनायची, औंदा फलाट जातोय. आय म्हनायची, जाऊन तर बघू दे. न्हाई गेला.

मग खिडकी झाली, आन तिच्यामागं बाबू आला. त्यो आमच्या हातातनं पैसं घेत नव्हता. खिडकीखाली येक काळा दगड हाय बघ, बसायला आसतो तसा. त्याच्यावर पैसं ठेवायचं, मागं सरायचं. त्यो पानी शिपडून पैसं उचलायचा, तिकीट दगडावर टाकायचा. वाऱ्यानं उडालं की नदीकडं. आमी पोरं त्याच्यामागं धावायचो. मला त्यो खेळच वाटायचा.

आपल्या मानसांनी दीक्षा घेतली, त्याच हिवाळ्यात आय मला घिऊन लोनावळ्याला मावशीकडं निघाली. बाबूनं तिकीट टाकलं. आयनं बघितलं आन हात मागं बांधून हुबी ऱ्हायली. मी वाकाय लागले तर माझी वेनी धरली. गाडी आली, गेली. बाबू म्हनला, बाई, पैसं माघारी न्हाई मिळनार. आय म्हनली, पैसं कोन मागतंय, हातात दे. त्यानं खिडकी लावून घेतली. मग आमी नदीकडंनं चालत चिंचवडला गेलो. तिथल्या मानसाला आमी कोन, कुटल्या, काई ठाऊक नव्हतं. त्यानं सरळ हातात दिलं. आयनं मला विचारलं, बघितलंस का कसं देत्यात?

दुसऱ्या दिशी घाटावर बायांनी ठरीवलं. ठेसन आपलं हाय, गाडीत बसायचं. पन हातात देईपातूर त्या खिडकीवर जायचं न्हाई. तिकीट चिंचवडचं. गडी मानसांनी बी ऐकलं.

पोरांचं काय करायचं मग? पोरं आळशी, येवढं चालायला नको म्हनून गुपचूप खिडकीवर जायची. तवा आयनंच ती हूल उठवली, तिथलं तिकीट घेतलं की मानूस परत येत न्हाई. आमी येवढं भ्यालो की खिडकीसमोरनं पळत जायचो. मी लग्नाची झाले तवा तिनं मला खरं काय ते सांगितलं आन हासली. मला वाटलं सगळ्यांच्या आयांनी सांगितलं आसंल. न्हाई सांगितलेलं दिसत. त्या बाया गेल्या, त्यांचं भ्या तेवढं वस्तीत ऱ्हायलं.

आय गेली तवा बी तिच्या उशाला चिंचवडचंच तिकीट व्हतं.

तिची आट येवढीच व्हती पोरी. हातात दे. ती तुझ्या मुठीत पुरी झाली. आन तू मला उतारा इचारतीस.

वस्तीत सांग. भ्यालीस तरी सांग.

कस्तुरा


घाटमळा
सोमवार, १७ फेब्रुवारी

आत्याआजींना जयभीम.

सांगितलं.

काल विहारात वंदना झाली, सगळे उठायच्या आत मी उभी राहिले. मिनल मांडीवर होती, तिला घेऊनच उठले. तिला या कडेवरून त्या कडेवर घेत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, पोर भुकेलंय, घरी ने तिला. नानासाहेब पुढं बसलेले, विहार कमिटीचे. म्हणाले, बोल सूनबाई, पण आटप, मॅच आहे.

मग मी वाळूपासून सुरू केलं. फलाटाच्या पोटात काय आहे ते सांगितलं. दगड सांगितला. तुमची वेणी सांगितली. तिथं बायका पुढं सरकल्या. हूल कुणी उठवली ते सांगितलं तर पोरं हसायला लागली, म्हातारी माणसं नाही हसली.

नानासाहेब म्हणाले, काल आलेली सून आम्हाला आमच्या वस्तीचा इतिहास सांगणार? मी म्हटलं, मी नाही सांगत, कस्तुरा आत्याआजी सांगतात. ते म्हणाले, म्हणजे आमच्या बापापासून आम्ही सगळे येडेच ठरलो की.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. गुडघ्याला हात लावून, हळूहळू. मला वाटलं, आता मला खाली बसवतात. त्या म्हणाल्या, "नानाभाऊजी, येडं कुणी नाही. आपण कधीच जिंकलोय आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही. माझ्या सासूनं मला भ्या तेवढं दिलं. माझी सून पोराला घेऊन तिथं गेली, खिडकीवरच्या पोरीनं तिच्या हातात तिकीट दिलं. अजून काय पाहिजे?"

सनी भाऊजींनी मोबाईल काढला. म्हणाले, ॲपवर पास घाटमळ्याचा पण निघतो की, आजवर बघितलंच नाही. नानासाहेब म्हणाले, "थांब रे. मोबाईल ठेव. पहिलं तिकीट खिडकीवरच काढायचं, हातात घ्यायचं. आणि ते कस्तुराबाईचं. त्या आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." आता तेच पुढारी झालेत.

येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या. २७ तारखेला. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, गडी माणसं पण घरी असतील. प्रितम तुम्हाला घ्यायला येतील. नाही म्हणू नका. श्रद्धाला मी काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, गुरुवारी मशीनमध्ये कागद भरून ठेव.

मला अजून भीती वाटते, तारीख निघून गेली तर. पण काल घरी येताना सासूबाईंनी मिनलला माझ्याकडून घेतलं आणि खिडकीसमोरून चालत आल्या. आम्ही नेहमी मागच्या गल्लीतून येतो.

पिंकी


संगमनेर
५ मार्च

पिंके,

पोचले. प्रितमनं चांगलं आनून सोडलं, पोरगं गुनाचं हाय.

मला दिसलं समदं, ऐकू काई आलं न्हाई. म्हनून तुला कामाला लावते. मी काय बघितलं ते मी सांगते, मानसं काय बोलली ते तू लिव.

मी बघितली ती लाईन. पार पायऱ्या उतरून नदीपातूर गेलेली. बाया इस्तरीच्या पांढऱ्या लुगड्यात, जशा जयंतीला निघत्यात. गडी मागं. खिडकीखाली त्यो दगड, मला वाटलं व्हतं मोठा आसंल. केवढासा हाय गं. लहानपनी केवढा दिसायचा.

त्या पोरीनं हात बाहीर काढला. तिच्या हातात काचेच्या बांगड्या व्हत्या. मी तिकीट मागितलं तवा समदी हासली, का हासली? मी हळूच बोलले व्हते. तिनं माझा हात धरून काई तरी म्हनलं, तिचं ओठ हालले. काय म्हनली? नाना काय म्हनला? गाडीत त्यो टोपीवाला मानूस तुझ्या सासूला, शालनला काई तरी इचारत व्हता, मग शालन ताठ झाली. काय बोलली ती?

चिंचवडला उतरले, चहा घेतला, परतीच्या गाडीनं आले. आय मला घिऊन चालत गेली त्या वाटंनं गाडीत बसून गेले. खिडकीतनं नदी बघितली. येवढंसं तर अंतर.

आन माघारी आल्यावर मी त्या दगडावर बसून वडापाव खाल्ला, ते तू बघितलंच. चटनी सांडली. कुनी पुसू नका.

कस्तुरा


घाटमळा
बुधवार, २ एप्रिल

आत्याआजींना जयभीम.

उशीर मुद्दाम केला. एक तारीख जाऊ दे म्हटलं, मग लिहीन.

तुम्ही विचारलं ते क्रमानं सांगते.

तुम्ही हळू नाही बोललात. तुम्ही एवढ्या मोठ्यानं बोललात की रुळावर काम करणारी माणसं हत्यारं खाली ठेवून बघायला लागली. तुम्ही म्हणालात, "चिंचवड. रिटर्न दे. मी परत येनार हाय." म्हणून सगळी हसली. सगळ्यांना ती हूल माहीत ना.

श्रद्धा तुमचा हात धरून म्हणाली, "आजी, गाडीला वेळ आहे, सावकाश घ्या." तिकीट तुमच्या बोटांत नीट बसेना म्हणून तिनं दुसरा हात पण बाहेर काढला. तेव्हा तिला काही ठाऊक नव्हतं. नंतर मी सांगितलं तर ती खिडकीमागं जाऊन नाक शिंकरून आली.

नानासाहेब तुमच्या मागं होते. म्हणाले, मला पण रिटर्न. त्यांच्यामागचा म्हणाला, मला पण. मग जो तो रिटर्नच. सनी भाऊजी म्हणाले, कुणी साधं काढलं तर वस्तीत घेणार नाही. मध्येच मशीनचा कागद संपला. श्रद्धा म्हणाली, मी इथं बसल्यापासून आज पहिल्यांदा रोल बदलतेय, थांबा, मला आठवत पण नाही कसा घालायचा.

आणि गाडीत त्या टोपीवाल्यानं सासूबाईंना विचारलं, "काय हो बाई, एवढी माणसं, कुठं जत्रा आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "जत्रा नाही. आम्ही तिकीट काढलंय." त्यानं विचारलं, कुठलं? तर म्हणाल्या, "घाटमळ्याचं." एवढं म्हणून पदर सारखा केला आणि चिंचवड येईपर्यंत ताठ बसल्या.

त्या दिवसापासून सगळ्यांनी पास बदलले. कामवाल्या बायका, थेरगावला जाणारी कॉलेजची पोरं, सगळ्यांनी. रोज कुणी ना कुणी नुसतंच चिंचवडला जाऊन येतं, गरज असो नसो. मार्चमध्ये दोन साहेब आले. सकाळच्या गाडीला खिडकीपाशी उभे राहिले, लाईन बघितली. एक जण श्रद्धाला म्हणाला, इतकी वर्षं ही माणसं होती कुठं? ती म्हणाली, इथंच होती साहेब, हात पुढं करून.

काल एक तारीख. काल मंगळवार पण. टाचेच्या कापानंतरचं शेवटचं प्लास्टर निघायचा दिवस तोच. मी फलाटावर उभी, कडेवर मिनल, शेजारी सासूबाई. आजवर कधी नाही एवढी माणसं फलाटावर आली होती, कामाला जाणारी, न जाणारी. नानासाहेब ठेवणीतला स्वेटर घालून, उन्हाळ्यात. गाडी रेल्वेच्या पुलावर दिसली. मला वाटलं, वेग कमी होत नाहीये. मी डोळे मिटले.

सासूबाईंनी कोपर मारलं. म्हणाल्या, चढ.

थांबली होती.

संध्याकाळी परत आलो तेव्हा श्रद्धा ओल्या फडक्यानं नोटीस खरवडत होती. चिकटवली होती घट्ट, नखानं काढायला लागली. घाटमळ्याचा थांबा राहणार असं साहेबांनी तिला फोनवर सांगितलं, कागद मागून येईल.

मिनलचं प्लास्टर निघालं. पाऊल पांढरं पडलंय, कातडी सोललीय, बारीक झालंय, पण सरळ आहे. डॉक्टरांनी आडव्या पट्टीचे बूट दिलेत, रात्रंदिवस घालायचे. मी स्टेशनवर ते बूट पाच मिनिटं काढले. सासूबाई म्हणाल्या, काय करतीस, डॉक्टर ओरडतील. मी म्हटलं, मम्मी, एकदाच.

खिडकीखालच्या दगडावर तुमच्या चटणीचा डाग अजून आहे. त्याच्या बाजूला जागा बघून मी मिनलला काखेत धरून उभं केलं. तिनं आधी बोटं आखडली, मग सोडली. दोन्ही तळवे दगडावर टेकले, सपाट. उजवा पण.

श्रद्धानं जाळीतून बघितलं. म्हणाली, पैलवान, तिकीट?

मी म्हटलं, आमचं रिटर्न होतं.

तुमची
पिंकी